चेहरा वडिलांचा आहे, मग व्यसनही येणार का?

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पत्र लिहिणाऱ्या ताई पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात, पतसंस्थेत नोकरी करतात. वय 42. यजमान मोटार रिवाइंडिंगचं काम करायचे. दारूने लिव्हर खराब होऊन तीन वर्षांपूर्वी ते गेले. मुलांना आणि बाहेर मात्र ‘काविळीने गेले’ असंच सांगितलंय. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीला. मुलगी अकरा वर्षांची. मुलगा दिसायला, चालायला, चिडायला सगळा वडिलांसारखा, डावखुराही. सासूबाई येता-जाता म्हणतात, ‘‘अगदी बापावर गेलाय.’’ गेल्या महिन्यात पुतण्याच्या हळदीला तो चुलतभावांबरोबर बिअर पिताना सापडला. दीर हसून म्हणाले, ‘‘एकदा चाखली तर काय बिघडतं?’’ ताईंच्या तोंडून मात्र रागाच्या भरात निघून गेलं, ‘‘तूही बापासारखाच मरणार.’’ तेव्हापासून मुलगा कामापुरतं बोलतो. तो बाहेरून आला की ताई काहीतरी निमित्त काढून जवळ जातात आणि त्याच्या तोंडाचा वास घेतात. त्यांचा भाऊ म्हणतो, रक्तातच आहे ते, दहावी झाली की लांब हॉस्टेलला टाक. ताईंचे प्रश्न: व्यसन खरंच रक्तातून येतं का? मोबाइलवर जाहिरात येते ती जनुकांची तपासणी करून घेऊ का? मुलाला इथून हलवू का? की माझेच संस्कार कमी पडले?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल देत नाही. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा आहे आणि तो किरकोळ नाही. तुमच्या भावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. चूक आहे ती त्यातल्या ‘च’मध्ये.

1973 साली डोनाल्ड गुडविन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या दत्तक मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, पण जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत जे परक्या घरी वाढायला गेले, असे 55 तरुण त्यात होते. तुलनेला तसेच दत्तक गेलेले, पण जन्मदात्यांना व्यसन नसलेले 78 तरुण होते. तिशीच्या आसपास पाहिलं तर पहिल्या गटात शेकडा 18 जणांना व्यसन लागलेलं होतं, दुसऱ्या गटात शेकडा 5. ज्या बापाला त्यांनी कधी पाहिलंही नसेल, त्याच्याकडून काहीतरी त्यांच्यापर्यंत आलं होतं हे नक्की. पुढे जुळ्यांवर, दत्तक मुलांवर बरेच अभ्यास झाले. ते सगळे एकत्र मांडले की आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास येतो.

आता तोच डेन्मार्कचा आकडा दुसऱ्या टोकाकडून वाचा. व्यसनी जन्मदात्यांच्या त्या मुलांपैकी शंभरातल्या 82 जणांना व्यसन लागलेलं नव्हतं. धोका वाढलेला होता, तिपटी-चौपटीने वाढलेला होता, तरीही बहुतेक जण त्यातून सुटले होते. ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हे 82 जण कधी येत नाहीत. साहजिक आहे, जो पीत नाही त्याची गावात चर्चा होत नाही.

‘निम्मा वाटा’ याचाही फार चुकीचा अर्थ काढला जातो, अगदी शिकल्या-सवरल्या लोकांकडून. त्याचा अर्थ तुमच्या मुलाला व्यसन लागण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, असा होत नाही. त्याच्या नशिबाचा अर्धा भाग लिहून झालाय, असाही नाही. एखाद्या समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, कुणाला व्यसन लागतं, कुणाला नाही, त्या फरकाचा साधारण निम्मा भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच त्या आकड्याचं म्हणणं आहे. हा हिशेब समूहाचा आहे. एका मुलाच्या कपाळावर तो लावता येत नाही. शिवाय समाज बदलला की हा हिशेबही बदलतो. ज्या गावात दारूच मिळत नाही तिथे कुणाच्या जनुकांत काय आहे याने फरक पडणार नाही.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण जपानचं आहे. आपण प्यायलेल्या दारूचं शरीरात आधी एका विषारी पदार्थात रूपांतर होतं (त्याला ॲसिटाल्डिहाइड म्हणतात) आणि मग एक विकर (एन्झाइम) त्याचा निचरा करतं. जपान, चीन, कोरियातल्या बऱ्याच लोकांत हे विकर जन्मतःच कमकुवत असतं. दोन घोट घेतले की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. म्हणजे शरीरच आतून ‘नको’ म्हणतं. साहजिकच अशा लोकांत व्यसनी कमी सापडतात. दारूपासून वाचवणारं जनुक म्हणायचं तर याच्याइतकं जबरदस्त जनुक दुसरं सापडलेलं नाही. आता पुढचं ऐका. जपानमधल्या व्यसनी रुग्णांपैकी किती जणांकडे या कमकुवत जनुकाची एक प्रत आहे, हे तिथल्या संशोधकांनी तपासलं. 1979 मध्ये ते प्रमाण शेकडा अडीच होतं, 1986 मध्ये 8 आणि 1992 मध्ये 13. तेरा वर्षांत एखाद्या देशाची जनुकं बदलत नाहीत. बदलला होता तो त्यांच्या आजूबाजूचा समाज. शरीर नको म्हणत असतानाही माणसं पिऊ लागली होती, ऑफिस सुटल्यावर सगळ्यांबरोबर बसायचं, साहेबाला नाही कसं म्हणायचं, अशा वातावरणात. जनुकाने घातलेलं इतकं मजबूत कुंपण माणसांच्या दबावापुढे वाकतं, तर उलट दिशेनेही तेवढंच शक्य आहे. शरीराची ओढ दारूकडे असली तरी भोवतालची माणसं तिला अडवू शकतात.

उलट दिशेचं उदाहरणही आहे, आइसलँडचं. 1998 मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा 42 जणांनी ‘गेल्या महिन्यात आम्ही झिंगेपर्यंत प्यायलो’ असं सांगितलं होतं. 2016 मध्ये हे प्रमाण 5 वर आलं. मुलांना उपदेश करून हे झालं नाही. शाळा सुटल्यावर खेळ, संगीत, नाच यांची सोय केली गेली आणि त्यासाठी पालकांना पैशाची मदत मिळाली. मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहायचं नाही, हा नियम मोठ्यांनी एकत्र येऊन पाळला. एकाच्या आईने अडवलं आणि बाकीच्यांच्या घरी सगळं चालतं, ही पळवाट त्याने बंद झाली. देश चिमुकला आहे, श्रीमंत आहे, हे मान्य. पण मुलं त्याच वयाची होती, त्याच रक्ताची होती.

आता तुमच्या मुलाकडे येते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात खटकलेलं वाक्य सासूबाईंचं. वडिलांचं नाक, वडिलांची चाल, वडिलांसारखं डाव्या हाताने लिहिणं, आणि या सगळ्याच्या शेपटाला धरून दारूही आली असणार, असं तुम्ही सगळ्यांनी मनाशी गृहीत धरलेलं दिसतं. चेहरा ठरवणारी जनुकं आणि दारूला शरीर कसा प्रतिसाद देतं हे ठरवणारी जनुकं यांचा एकमेकांशी संबंध नाही. मुलाला वडिलांकडून निम्मी जनुकं मिळतात. कुठली निम्मी, ते चेहऱ्यावर दिसत नाही. डावखुरेपणाचं म्हणाल, तर डावखुऱ्यांचीही बहुतेक मुलं उजव्याच हाताने लिहितात, त्यामुळे त्यातही काही अटळ नाही.

आणि तुमच्या मुलीला? तिलाही वडिलांकडून निम्मीच जनुकं मिळाली आहेत. ती तुमच्यासारखी दिसत असेल, शांत असेल, म्हणून पत्रात तिच्या वाट्याला एकच ओळ आलीय. ‘बापावर गेली’ असं तिला कुणी म्हणत नाही आणि तिचं तोंडही कुणी हुंगत नाही. आपल्याकडे बायका कमी पितात, कारण गाव, घर, लाज, पैसा हे सगळं आडवं येतं. म्हणजे रक्त सारखं असूनही एकाच घरातल्या भावाच्या आणि बहिणीच्या धोक्यात केवढा फरक पडतो बघा. ज्या वातावरणाची तुम्हाला शंका वाटते, त्याची ताकद तुमच्याच घरात दिसतेय. पण पाच-सात वर्षांनी ती शिकायला, नोकरीला शहरात जाईल, तेव्हा हे कुंपण तिच्याबरोबर जाईलच असं नाही. म्हणून मी पुढे जे काही सांगणार आहे ते दोघांसाठी धरा.

चिडण्याबद्दल. पंधराव्या वर्षी, दहावीच्या वर्षी, वडील गेलेले असताना आणि ते कशाने गेले हे घरात कुणी खरं बोलत नसताना मुलगा चिडका आहे. यासाठी जनुकांपर्यंत जायची काही गरज आहे का? या वयात मेंदूचा भावनांचा भाग जोरात असतो आणि आवर घालणारा, पुढचं बघणारा कपाळामागचा भाग पुरता पिकायला विशी उलटून जावी लागते. त्यात रोज घरात पाय टाकला की आई वास घ्यायला जवळ येते. ताई, त्याला ते कळतंय. या वयाच्या मुलांना असलं सगळं कळतं.

संस्कारांचं ओझं मात्र आधी खाली ठेवा. आपल्याकडे मूल बिघडलं की दोन काठ्या तयार असतात. ‘रक्त बापाचं’ ही एक आणि ‘वळण आईने लावलं नाही’ ही दुसरी. गंमत म्हणजे एकच माणूस एकाच दमात दोन्ही काठ्या उगारतो. ‘भोवतालचं वातावरण’ असं शास्त्र म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ ‘आई’ एवढाच नसतो. तुमच्या मुलाच्या वातावरणात हळदीच्या रात्री मांडवामागे ठेवलेला क्रेट आहे, गटारीला उघड उघड होणारं कौतुक आहे, एसटी स्टँडजवळची बिअर शॉपी आहे, आणि हसून ‘काय बिघडतं’ म्हणणारे काका आहेत. हे सगळं तुम्ही एकट्या कसं अडवणार होतात? त्यातलं काय अडवता येण्यासारखं आहे, एवढंच आता बघू.

संशोधनातली एक गोष्ट इथे फार उपयोगी आहे. मूल पहिला घोट कधी घेतं, कुणाबरोबर घेतं, यावर घराचा, मित्रांचा आणि गावाचा पगडा मोठा असतो. सुरुवात झाल्यावर तिचं पुढे व्यसन होतं की नाही, यात शरीराचा वाटा वाढत जातो. म्हणजे तुमच्या हातात जे काही आहे ते पहिल्या टप्प्यावर जास्त आहे. 1997 च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत पंधराच्या आत प्यायला सुरुवात केलेल्यांपैकी शेकडा 40 जण आयुष्यात कधी ना कधी दारूवर अवलंबून झालेले आढळले. विशीत सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण शेकडा 10 होतं. यातला काही फरक असाही असेल, की ज्यांची ओढ मुळातच जास्त ती मुलं लवकर सुरुवात करतात. तरीही जितकं पुढे ढकलाल तितकं बरं, यावर जाणकारांचं एकमत आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि दारूसाठी 25 वर्षांची अट आहे. कायद्याची चेष्टा करण्यात आपण पटाईत असलो तरी या अटीत शहाणपण आहे. ‘घरात मोठ्यांसमोर थोडी घेतली तर बाहेर जाऊन पिणार नाही’ हेही तुमच्या दिरांच्या ‘काय बिघडतं’सारखंच बऱ्याच घरांत म्हटलं जातं. वडिलांना व्यसन असलेल्या मुलाच्या बाबतीत तरी हा खेळ नको.

म्हणून पहिलं बोलणं मुलाशी नाही, दिरांशी करा. पहिला ग्लास भरून देणारा हात बहुतेक वेळा आपल्याच माणसाचा असतो. त्यांना बोल लावू नका, नाहीतर वाद ‘तुम्ही आम्हाला काय शिकवता’ इथेच अडकेल. त्यांचा भाऊ गेलाय. त्यांनाही ते लागलेलं असणार, हसण्यामागे तेही असू शकतं. एवढंच म्हणा: ‘‘भाऊजी, यांचं काय झालं ते तुम्ही माझ्याइतकंच पाहिलंय. याची पंचविशी होईपर्यंत आपल्या घरातल्या कुठल्याही कार्यात कुणी त्याच्या हातात ग्लास देणार नाही, एवढी जबाबदारी तुम्ही घ्या.’’ जबाबदारी दिली की माणसं वेगळी वागतात. घरातलाच एक पुरुष हे बोलला, तर चुलतभावांवर त्याचा परिणाम तुमच्या शंभर बोलण्यांपेक्षा जास्त होईल.

मग मुलांशी बोला, आणि खरं बोला. काविळीची गोष्ट पूर्ण खोटी नव्हती. लिव्हर गेलं की कावीळ होतेच. पण तेव्हा बारा वर्षांच्या असलेल्या मुलाने घरात बाटल्या पाहिल्या असतील, रात्रीची भांडणं ऐकली असतील. त्याला माहीत आहे. फक्त बोलायची बंदी आहे, आणि ही बंदी त्याला सांगते की बाबांचं मरण ही लाजेची गोष्ट आहे आणि मी बाबांसारखा दिसतो. पंधरा वर्षांच्या मुलाने याची बेरीज काय करावी?

दोघांना बरोबर बसवा. मोठं भाषण नको. साधारण असं: ‘‘बाबांना दारूचा आजार होता. त्यानेच त्यांचं लिव्हर गेलं. मला लोकांसमोर बोलायची लाज वाटली म्हणून मी कावीळ सांगत राहिले. त्या दिवशी मी तुला बोलले ते माझ्या भीतीने बोलले, ते खरं नाही. या आजाराकडे झुकण्याचं प्रमाण काही घराण्यांत जास्त असतं. तुमच्या दोघांत ते असेल किंवा नसेलही, तपासून कळत नाही. म्हणून आपण जरा जपून राहायचं.’’

यात ‘घराण्यात असतं’ हे सांगणं म्हणजे मुलाला घाबरवणं, असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे ‘आमच्यात शुगर आहे हो’ म्हणत माणसं जिलबीचं ताट बिनदिक्कत पुढे सरकवतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही आणि वाढणाराही आग्रह करत नाही. शुगर आहे घराण्यात म्हणून कुणी मुलाला ‘तूही तसाच मरणार’ असं म्हणत नाही, चाळिशीत तपासणी करून घे म्हणतो. तसंच हे. मित्रांच्या कोंडाळ्यात ‘आई रागावते’ हे कारण चालत नाही, त्यावर हसतात. ‘आमच्याकडे लिव्हरचा त्रास आहे, मला नको’ हे चालतं. नाही म्हणायला त्याला तोंडात एक वाक्य हवंय, ते तुम्ही द्या.

आणखी एक गोष्ट त्याला आवर्जून सांगा, कारण ती पोरांच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. मार्क शुकिट या संशोधकाने कॅलिफोर्नियात विशीच्या आसपासच्या तरुणांना मोजून दारू दिली आणि त्यांना किती चढते ते पाहिलं. काही जणांना इतरांपेक्षा कमी चढत होती, आणि असे तरुण व्यसनी वडिलांच्या मुलांत जास्त होते. दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा व्यसनी वडिलांच्या मुलांपैकी ज्यांना कमी चढायची त्यांच्यात शेकडा 56 जण व्यसनाला लागलेले होते. ज्यांना लवकर चढायची त्यांच्यात शेकडा 14. आपल्याकडे ‘मला काय चढत नाय’ ही मर्दुमकी समजली जाते. खरं तर ती धोक्याची खूण आहे. ज्याला चढत नाही, त्याला थांब म्हणून सांगणारी आतली घंटा वाजत नाही; तो पीत राहतो. हे त्या मुलाला आज कळलं आणि पुढे कधी वेळ आलीच, तर स्वतःकडे बघायला एक खूण त्याच्याजवळ असेल.

जनुकांच्या तपासणीचे पैसे वाचवा. व्यसनाचं असं एकच जनुक नाही. शेकडो ठिकाणचे बारीकसारीक फरक असतात, एकेकाचा परिणाम नगण्य. त्यातून एका मुलाबद्दल सांगण्यासारखं काही निघत नाही. अहवाल ‘धोका कमी’ म्हणाला तर तुम्ही गाफील राहाल, ‘जास्त’ म्हणाला तर वास घेणं दुपटीने वाढेल. घराण्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, त्यापेक्षा जास्त काही ती तपासणी आज सांगू शकत नाही.

वास घेणं मात्र थांबवा. अवघड आहे, मला कळतंय. नवऱ्याच्या पावलांच्या आवाजावरून आज किती झालीय हे ओळखायची सवय वर्षानुवर्षं लागलेली असते, ती माणूस गेल्यावर जात नाही. पण ती पहारेकऱ्याची नजर आता चुकीच्या माणसावर लागलीय. त्याऐवजी उघड नियम ठेवा: कुठे जातोस, कुणाबरोबर, किती वाजता येणार, हे सांगून जायचं. रात्री नऊनंतर बाहेर नाही. तुमच्या मुलाच्या दोन-तीन मित्रांच्या आयांशी बोलून हाच नियम सगळ्यांनी ठेवला, तर आइसलँडची थोडीफार नक्कल आपल्या आळीतही होईल.

घरातल्या नेहमीच्या गोष्टींकडे आपण फार कमी लक्ष देतो. अमेरिकेत 1980 च्या सुमाराला स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी व्यसनी पालक असलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. एकत्र जेवण, सण, सुट्टी, वाढदिवस अशा गोष्टी ज्या घरांनी दारूच्या धबडग्यातही टिकवून धरल्या, तिथल्या मुलांत व्यसन पुढच्या पिढीत कमी गेलेलं त्यांना दिसलं. जिथे दारूने सणही गिळले, तिथे जास्त गेलं. अभ्यास लहान होता, पण मला तो मोलाचा वाटतो, कारण यात पैसे लागत नाहीत. तुम्ही पत्रात ओघात लिहिलंय की यजमान गेल्यापासून घरात गणपती बसवत नाही, देव्हाऱ्यातच हात जोडतो. सुतकाचं वर्ष कधीच संपलं. यंदा बसवा. मूर्ती आणण्यापासून विसर्जनापर्यंत सगळं मुलांवर सोपवा. आणि रात्रीचं जेवण, मग ते पिठलं-भाकरी का असेना, तिघांनी आणि सासूबाईंनी एकत्र घ्यायचं. दहावीचा क्लास आड येत असेल तर वेळ मागेपुढे करा.

सासूबाईंशी भांडून उपयोग नाही. त्या नातवात मुलगा शोधतायत. त्यांना ते शोधू द्या, फक्त काय शोधायचं ते थोडं वळवा. तुम्हीच लिहिलंय की यजमानांकडे मोटार भरून घ्यायला लांबलांबहून शेतकरी यायचे, जळालेली मोटार नुसती ऐकून ते दोष सांगायचे. आणि मुलगा घरातला मिक्सर खोलून बसतो, म्हणून तुम्ही वैतागता. मग ‘बापावर गेलाय’ म्हणायला हे काय वाईट आहे? यजमानांची हत्यारं अजून असतील तर ती त्याला द्या. त्यांच्या एखाद्या जुन्या, न पिणाऱ्या मित्राचं वर्कशॉप असेल तर दहावीनंतरच्या सुट्टीत तिथे बसू द्या.

मी हे नुसतं मन राखायला म्हणत नाही. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आई-वडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक संकटं ज्यांच्या वाट्याला एकदम आली, अशांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठी होऊन नीट, कर्ती आणि मायाळू माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? काहींचा स्वभावच जन्मतः लोकांना आपलंसं करणारा होता. म्हणजे शरीराकडूनही थोडी मदत होती. पण जवळपास प्रत्येकाच्या आयुष्यात किमान एक मोठं माणूस असं होतं ज्याने त्याला धरून ठेवलं. ते माणूस आई-वडीलच होते असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही. आणि त्या मुलांना मन रमवणारं, हाताला येणारं काहीतरी काम होतं.

हॉस्टेलचा विचार मी या अंगाने करते. तुमच्या घरात रोज पिणारं कुणी राहत असतं, मुलाला मारहाण होत असती, तर मी म्हटलं असतं, उद्या हलवा. तसं काही तुमच्या पत्रात दिसत नाही. हळदीतल्या एका बिअरसाठी घराबाहेर काढलं, तर तो एवढंच समजेल की आईने माझ्याबद्दल निकाल देऊन टाकला. बरं, हॉस्टेलमध्ये पिणारी मुलं नसतात, हे तुमच्या भावाला कुणी सांगितलं? तिथे तर रात्री नऊनंतर विचारणारी आईही नसते. अकरावी किंवा डिप्लोमासाठी बाहेर जायची त्याला स्वतःला इच्छा असेल, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा चांगला कोर्स बघून पाठवा.

भावाची काळजी खरी आहे, तर तिला दुसरं काम द्या. सुट्टीत आठ-पंधरा दिवस भाच्याला आणि भाचीला, दोघांनाही, घरी बोलव म्हणा. दर आठवड्याला एक फोन भाच्याला कर म्हणा, आणि त्यात दहावीचा विषय नको.

आता, हे सगळं करूनही तो पुन्हा पिऊन आला तर? त्या रात्री काही बोलू नका. झोपू द्या. सकाळी विचारा: कुणाबरोबर, कशामुळे, किती? कधीतरी एकदा, मित्रांच्या आग्रहाखातर, हे एक. पण एकट्याने पिणं, पैसे नाहीसे होणं, शाळा बुडवणं, जुने मित्र सुटून एकदम मोठ्या वयाची मुलं भोवती दिसणं, जगण्यात रस नसल्यासारखं बोलणं, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. वडील गेल्याचं दुःख न बोलता साचलं की ते असंही बाहेर येतं, आणि त्यावर समुपदेशनाने चांगला फरक पडतो. जवळच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि तो फोन तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. नवरा पीत होता तेव्हा तुम्ही सांभाळलंत, गेला तेव्हा सांभाळलंत, आता मुलाची भीती एकट्या सांभाळताय. अल-अनॉनच्या बैठका व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठीच असतात, माणूस हयात नसला तरी जाता येतं. पुण्यात 1986 साली अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांतही घरच्यांशी बोललं जातं. तिथे बसलेल्या बायकांना तुमचं वास घेणं समजावून सांगावं लागणार नाही.

क्रम असा ठेवा. दिरांशी या आठवड्यात बोला. मुलांशी त्यानंतरच्या एखाद्या रविवारी, क्लास नसलेल्या दिवशी. पूर्वपरीक्षा तोंडावर आली असेल तर वडिलांबद्दलचं मोठं बोलणं परीक्षेनंतर ठेवलं तरी चालेल. पण ‘त्या दिवशी मी बोलले ते खरं नव्हतं’ एवढं वाक्य आजच सांगून टाका, ते परीक्षेसाठी थांबवू नका. तो ‘हं’ म्हणून आत निघून जाईल. जाऊ द्या. लगेच मागे जाऊन पुन्हा समजवायला बसू नका.